पासपोर्ट जमा, परमिट हातात

कॅनडात शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या घरांत अलीकडे 'असायलम' हा शब्द वरचेवर कानावर पडतो. आपल्या वडोदऱ्यात तर आयईएल्टीएसच्या क्लासबाहेर उभ्या असलेल्या मुलांनाही तो पाठ असतो. सल्ला साधारण असा असतो: परमिट संपत आलंय, पुढच्या सेमिस्टरची फी भरायला पैसे नाहीत, तर आश्रयाचा अर्ज टाकून दे. वर्क परमिट मिळतं, स्टडी परमिट मिळतं, आणि फीसुद्धा लागत नाही.

यातलं एकेक वाक्य सुटं घेतलं तर बऱ्याच अंशी खरं आहे. म्हणूनच हा सल्ला शेंडाबुडखा समजून घ्यायला हवा.

आधी नियम काय आहे ते पाहू. कॅनडात आश्रय मागणाऱ्याला तिथेच राहून स्टडी परमिटसाठी अर्ज करता येतो. एरवी लागणारी १५० डॉलर फी त्याला आणि त्याच्या कुटुंबीयांना माफ असते. त्याचा दावा सुनावणीला पात्र ठरला की त्याला एक ओळखपत्रासारखा कागद मिळतो. त्या कागदावर उपचाराची सोय होते आणि पुढचे अर्जही त्याच्याच आधारावर करता येतात. शाळेत जाणाऱ्या मुलांना परमिटची गरज नाही. सहा महिने किंवा त्याहून लहान कोर्सलाही नाही. कॉलेजचा मोठा कोर्स करायचा असेल तर सरकारमान्य यादीतल्या संस्थेचं प्रवेशपत्र जोडून अर्ज करायचा.

ही सोय कुणासाठी आहे? घर सोडून जीव मुठीत धरून आलेल्या माणसासाठी. सुनावणीला वर्ष, कधी त्याहून जास्त काळ लागतो. तेवढा वेळ विशीतल्या मुलाने नुसतं बसून काढायचा का, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. आणि गंमत म्हणजे तोंडी सुनावणीचा हा हक्कच मुळात आपल्याकडच्या माणसांनी मिळवून दिला आहे. १९८५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात हरभजन सिंग आणि इतर काही आश्रयार्थींचा खटला चालला. तोपर्यंत फेटाळलेल्या दाव्याचं म्हणणं कुणी समोर बसवून ऐकेलच याची खात्री नव्हती. देशाच्या भूमीवर असलेल्या प्रत्येकाला न्याय्य वागणूक मिळालीच पाहिजे, असा निकाल ४ एप्रिलला लागला. तो दिवस तिथे निर्वासितांच्या हक्कांचा दिवस म्हणून पाळतात. त्यानंतर १९८९ मध्ये स्वतंत्र निर्वासित मंडळ स्थापन झालं.

खऱ्या आश्रयार्थ्यालाही परमिट मिळाल्यावर सगळं सोपं होत नाही. ज्या देशातून पळून आलो, तिथल्या विद्यापीठाला मार्कशीटसाठी पत्र कोण लिहिणार? फीचं गणित तर त्याहून अवघड. ज्यांचा दावा मंजूर झाला ते 'संरक्षित व्यक्ती' ठरतात. त्यांना सरकारी शैक्षणिक कर्ज मिळू शकतं आणि ऑन्टॅरिओसारख्या प्रांतात स्थानिक विद्यार्थ्यांइतकीच फी लागते. पण दावा प्रलंबित असलेल्याला ते कर्ज नाही, आणि फी बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे कित्येक पटींनी जास्त. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाने अनिश्चित दर्जा असलेल्या विद्यार्थ्यांना स्थानिक फीत शिकू देणारा कार्यक्रम सुरू केला, पण अशा जागा मोजक्याच. वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा ही संस्था १९७८ पासून केनिया, जॉर्डनसारख्या देशांत अडकलेल्या निर्वासित तरुणांना थेट कायमच्या रहिवासाचा दर्जा देऊन कॅनडाच्या कॉलेजांत आणते. त्याचा बराचसा खर्च तिथले विद्यार्थी आपल्या फीत थोडे थोडे डॉलर जास्त भरून उचलतात. मला ही कल्पना फार आवडते. पण तो मार्ग देशाबाहेर अडकलेल्यांसाठी आहे, कॅनडात आधीच पोचलेल्यांसाठी नाही.

आता त्या सल्ल्याकडे परत येऊ. फुकट परमिटसोबत काय काय येतं, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही.

दावा दाखल करताना पासपोर्ट अधिकाऱ्यांकडे जमा होतो. त्याच वेळी सशर्त देश सोडण्याचा आदेशही निघतो. दावा चालू आहे तोवर तो लागू होत नाही. दावा आणि त्यावरचे उपाय संपले की लागू होतो आणि तीस दिवसांत, अधिकाऱ्यांकडे नोंद करून, निघावं लागतं. तसं केलं नाही तर त्याचं रूपांतर हद्दपारीत होतं. शिवाय आपली हकिगत खरी असल्याचं लेखी जाहीर करावं लागतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी कशामुळे छळ होईल, किंवा जिवाला कसा धोका आहे, ते त्यात मांडायचं. फी भरता येत नाही, नोकरी मिळत नाही, कर्ज डोक्यावर आहे, ही कारणं त्यात बसत नाहीत.

समजा हकिगत रचलीच. तरी भारतीयांच्या सुनावणीत एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या गावात धोका असेल, पण मग तुम्ही मुंबईत का राहत नाही? हा विनोद नाही. देशातच दुसरीकडे सुरक्षितपणे आणि रास्तपणे राहता येत असेल तर दावा मान्य होत नाही, आणि मंडळ पर्याय म्हणून ज्या शहरांची नावं घेतं त्यांत मुंबई, दिल्ली वारंवार असतात. घरच्यांच्या विरोधातून पळालेलं आंतरजातीय जोडपं किंवा समलिंगी तरुण, ज्यांचा धोका खरा असतो, त्यांनाही या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर द्यावं लागतं. रचलेली गोष्ट तिथे किती टिकणार?

दावा फेटाळला गेला तर मानवतेच्या कारणावरून राहू देण्याचा अर्ज साधारणपणे पुढचे बारा महिने करता येत नाही. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. इतर देशांचे व्हिसा फॉर्मही विचारतात: आधी कधी नकार मिळालाय का, कुठून काढलंय का? तिथे 'हो' लिहावं लागेल.

आणि दावा मंजूर झाला तर? ही बाजू घरचे फारशी विचारात घेत नाहीत. निर्वासितांना मिळणाऱ्या प्रवासपत्रावर जगभर फिरता येतं, फक्त ज्या देशातून पळून आलो तिथे नाही. भारतीय पासपोर्ट काढून आजीच्या आजारपणाला, भावाच्या लग्नाला किंवा गणपतीला घरी आलं, तर 'तुम्हाला भीती उरलेली नाही' असं धरून संरक्षण काढून घेता येतं. २०१२ च्या कायदेबदलानंतर त्यासोबत कायमचा रहिवासही जाऊ शकतो. कॅनडाचं नागरिकत्व मिळेपर्यंत ही टांगती तलवार राहते.

मुलं या वाटेला का जातात, तेही कळतं. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने स्टडी परमिटवर मर्यादा घातली, त्याच वर्षी शिक्षणानंतरच्या वर्क परमिटचे नियम आवळले. घर गहाण टाकून गेलेल्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटणारच. त्यात सरकारही सावध झालं आहे. ३ जून २०२५ ला संसदेत मांडलेल्या विधेयकात, २४ जून २०२० नंतर आलेल्यांनी येऊन एक वर्ष झाल्यावर केलेले दावे मंडळाकडे पाठवायचेच नाहीत, अशी तरतूद होती. तेव्हा कुणालाही खरोखर दावा करायचा असेल तर त्या दिवशीचा नियम अधिकृत ठिकाणी पाहावा.

पैशांची किंवा परमिटची अडचण असेल तर सरळ मार्ग आधी तपासा. परमिट संपण्याआधी वाढीचा अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत कायदेशीर राहता येतं. मुदत उलटून गेलीच तर दर्जा पूर्ववत करून घेण्यासाठी नव्वद दिवस असतात. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात बहुतेक वेळा इमिग्रेशनचे परवानाधारक सल्लागार असतात आणि ते पैसे घेत नाहीत. बाहेरचा सल्लागार गाठायचा तर कॅनडात पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार फक्त वकील, परवानाधारक पॅरालीगल, क्यूबेकचे नोटरी आणि सल्लागारांच्या अधिकृत कॉलेजचे सदस्य यांनाच आहे. सदस्यांची यादी इंटरनेटवर खुली आहे. एजंटचं नाव त्यात शोधायला दोन मिनिटं लागतात.

आणि एखाद्या रात्री तिकडून फोन आला, 'आई, आपल्या घराला धोका आहे असं एक प्रतिज्ञापत्र करून पाठव, वकिलाने मागितलंय,' तर सहीच्या आधी दोन गोष्टी विचारा: परमिट कधी संपलं, आणि नव्वदपैकी किती दिवस उरलेत.