आपत्ती तात्पुरती, कपात कायमची

आपत्ती आली की संस्थांचा खरा पाया उघडा पडतो. २०२० साली कोरोनाच्या महामारीने जगभरच्या विद्यापीठांची दारे बंद केली, तेव्हा ज्ञानमंदिरे म्हणून मिरवणाऱ्या कित्येक संस्थांचा डोलारा विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि हंगामी अध्यापकांच्या स्वस्त श्रमावर उभा असल्याचे दिसून आले. महामारी ओसरली, वर्ग पुन्हा भरले. आता तरी त्या काळातील कपातीचा हिशेब शांतपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील विद्यापीठांच्या उत्पन्नाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून येत असे. मार्च २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या आणि या उत्पन्नालाच धक्का बसला. कामगारांचे वेतन चालू राहावे म्हणून सरकारने ‘जॉबकीपर’ नावाची योजना आणली. परंतु तिचे नियम असे आखले व बदलले गेले की सार्वजनिक विद्यापीठांना तिचा लाभच मिळू नये. परिणामी २०२० या एका वर्षात किमान १७,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या, असे तेथील विद्यापीठांच्या संघटनेनेच सांगितले. पहिला वार अर्थातच हंगामी अध्यापकांवर झाला. त्यांना काढावेही लागत नाही; पुढच्या सत्राचे बोलावणे आले नाही की काम संपले! पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, सीमा बहुतांश काळ बंदच असताना सिडनी विद्यापीठाच्या ताळेबंदात एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक शिल्लक दिसली. याच विद्यापीठाने २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना राबवली होती. भीतीपोटी केलेले अंदाज चुकले, पण गेलेल्या माणसांच्या दृष्टीने त्या चुकीला काय अर्थ उरला?

अमेरिकेतील कॅन्सस राज्याने तर याहून पुढची मजल गाठली. तेथील विद्यापीठांच्या नियामक मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये महामारीचा आर्थिक ताण पुढे करून एक तात्पुरता नियम केला. आर्थिक आणीबाणी रीतसर जाहीर न करताही कायम प्राध्यापकांना कमी करण्याची मुभा त्याने दिली. मुदत डिसेंबर २०२२ अखेरपर्यंत. राज्यातील मोठ्या विद्यापीठांनी या मुभेचा आधार घेण्याचे टाळले. एम्पोरिया स्टेट विद्यापीठाने मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे मुदत संपण्यास जेमतेम साडेतीन महिने उरले असता, ३३ अध्यापकांना कमी केले. त्यांत कायम पदावरचे प्राध्यापकही होते. घसरती विद्यार्थिसंख्या हे तेथील जुनेच दुखणे. पण त्यावरील शस्त्रक्रियेसाठी हत्यार वापरले गेले ते महामारीच्या नावाने घडवलेले.

तिजोरीत पैसा नसेल तर वेतन द्यायचे कोठून, हा प्रशासनाचा प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने मान्य केलेल्या १९४० च्या निवेदनातही आर्थिक संकटात पदे कमी करण्यास वाव ठेवलेला आहे. अट एकच, ते संकट खरे आहे हे सिद्ध झाले पाहिजे. ही अट म्हणजे प्राध्यापकांचे लाड नव्हेत. ज्याची नोकरी कुलगुरूंच्या वा व्यवस्थापनाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो त्यांना न रुचणारे संशोधन करणार नाही आणि वर्गात न रुचणारे सत्यही सांगणार नाही. नोकरीची शाश्वती गेली की विद्यापीठाची निर्भयता जाते.

हे सारे परदेशांत घडले म्हणून आपण निश्चिंत राहावे, अशी परिस्थिती नाही. शेजारच्या महाराष्ट्रात ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने, आरोग्यासारखी खाती वगळता, नव्या पदभरतीस मनाई झाली आणि आधीच रेंगाळलेली प्राध्यापकभरती आणखी मागे पडली. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला तर वर्ग बंद म्हणजे वेतन बंद, हे सांगणे नलगे. आमच्या गोव्यातही कंत्राटी आणि व्याख्यानांच्या हिशेबाने नेमलेले अध्यापक वर्षानुवर्षे महाविद्यालयांचा भार वाहत आहेत. ज्यांना कोणतेही कारण न देता दूर करता येते, त्यांच्या बाबतीत संकट सिद्ध करण्याची गरजच कोणाला भासणार?

पुढची आपत्ती सांगून येणार नाही. म्हणून नियम आताच व्हावयास हवेत. कपातीपूर्वी संस्थेचे हिशेब अध्यापकांच्या प्रतिनिधींपुढे ठेवले जावेत. संकट ओसरताच गोठवलेली पदे भरण्याची मुदत ठरावी. आणि नित्याचे काम करणाऱ्यास नित्याचे पद मिळावे. महामारीचे निमित्त संपले आहे. त्या निमित्ताने अंगवळणी पडलेली सवय मोडण्याचे काम मात्र अद्याप बाकी आहे.