शाळा आणि अपंग मुलाचे मन

आपल्या गावातली किती मुले शाळेत जातात, असे कोणी विचारले तर आपण अंदाजाने आकडा सांगतो. पण गावातली कोणती मुले शाळेत जात नाहीत, असे विचारले तर? मग थोडे आठवावे लागते. अमक्याच्या घरी एक आंधळी मुलगी आहे. तमक्याचा मधला पोरगा पायाने अधू आहे. वेशीजवळच्या घरात एक मूल आहे. ते दहा वर्षांचे झाले तरी नीट बोलत नाही. ही मुले रोज आपल्या नजरेस पडतात. पण शाळेचा विषय निघाला की ती आपल्याला आठवत नाहीत.

ही मुले घरी का राहतात? आईबापांना त्यांची माया नसते असे मुळीच नाही. पुष्कळदा मायेपोटीच त्यांना घरी ठेवतात. "रस्त्यात पडेल. पोरं मारतील. त्यापेक्षा राहू दे घरी. दोन घास खाईल अन् सुखानं राहील," असे आई म्हणते. बापाच्या मनात कधीकधी लाजही असते. चार लोक काय म्हणतील, ही ती लाज.

पण घरी बसलेले मूल खरेच सुखात असते का? जरा जवळून पाहू या.

लहान मूल स्वतःला कसे ओळखते? दुसऱ्यांच्या बोलण्यावरून ओळखते. "शाबास, केलंस की तू!" असे ऐकले की त्याला वाटते, मला जमते. "बिचारा! याचं पुढं कसं व्हायचं?" असे दिवसातून दहा वेळा ऐकले की त्याला वाटते, माझे काही खरे नाही. सकाळी भावंडे दप्तर घेऊन निघतात. ते उंबऱ्यात बसून पाहते. भावंडे संध्याकाळी येतात तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला दहा गोष्टी असतात. याच्याजवळ एकही नसते. असे एक वर्ष जाते, दोन जातात. हळूहळू मनात गाठ बसते. आपण इतरांपेक्षा कमी आहोत, अशी ती गाठ. तिला न्यूनगंड म्हणतात. ही गाठ बसली की जे येत होते तेही मूल करीनासे होते. मग लोक म्हणतात, "बघा, याला काहीच येत नाही."

म्हणून आता सांगितले जाते की अपंग मुलाने गावातल्या इतर मुलांबरोबर, त्याच शाळेत शिकावे. याला 'समावेशित शिक्षण' असे नाव आहे. समावेशित म्हणजे सामावून घेणारे. 2016 साली आपल्या देशात अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार सांगितले आहेत. कोणत्याही भेदभावाशिवाय अशा मुलांना शाळेत घ्यावे, असे त्यात लिहिले आहे. ज्याचे अपंगत्व शेकडा 40 किंवा जास्त आहे, त्याला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. आईबापांना वाटले तर खास शाळेतही घालता येते. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द असतो. बोलण्यात आपण 'अपंग' म्हणतो. शब्दावरून भांडत बसण्यात अर्थ नाही. पण मुलाला 'ए लंगड्या', 'ए बहिऱ्या' अशी हाक कोणी मारीत असेल तर ती मात्र बंद झाली पाहिजे. त्याला नाव आहे.

हे सगळे नवे खूळ आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. दोनशे वर्षांपूर्वीची एक खरी हकिकत ऐका.

युरोपात फ्रान्स नावाचा देश आहे. तिथे पॅरिस शहराजवळच्या एका खेड्यात 1809 साली लुई ब्रेल नावाचा मुलगा जन्मला. बाप घोड्यांचे खोगीर आणि लगाम तयार करी. लुई तीन वर्षांचा असताना बापाची चामडे टोचायची आरी घेऊन खेळत होता. आरी डोळ्यात घुसली. जखम चिघळली आणि हळूहळू दुसराही डोळा गेला. आता हा मुलगा कोपऱ्यात बसून राहायचा. पण आईबापांनी त्याला बसू दिले नाही. काठी हातात देऊन चालायला शिकवले. पुढे गावच्या साध्या शाळेत घातले. इतर मुले पुस्तक पाहून शिकत, हा ऐकून शिके. ऐकून शिकण्यात तो मागे पडला नाही. पण पुस्तक उघडले की त्याचे काम थांबे. त्याला वाचता येत नव्हते.

दहाव्या वर्षी त्याला पॅरिसच्या अंधशाळेत पाठवले. तिथे एक ठिपक्यांची लिपी त्याच्या हाती आली. ती बोटांनी वाचता येई. ती फार किचकट होती. लुईने ती सोपी केली. वयाच्या पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. तीच आजची ब्रेल लिपी. आपल्याकडे मराठीही त्याच सहा ठिपक्यांत लिहिली आणि वाचली जाते.

या हकिकतीत दोन गोष्टी आहेत. गावच्या शाळेत तो चार मुलांत बसला. आपल्याला शिकता येते हे त्याला तिथे कळले. पण नुसते चार मुलांत बसून त्याला वाचता आले नाही. त्यासाठी वेगळे साधन लागले. आज आपण मूल शाळेत पाठवतो तेव्हा यातली पहिली गोष्ट होते आणि दुसरी पुष्कळदा राहून जाते.

आता मूल शाळेत गेले, असे समजा. हजेरीपटावर नाव चढले. आपण निश्चिंत झालो. पण शाळेत त्याचा दिवस कसा जातो? मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलतात, तेव्हा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला काहीच कळत नाही. खो-खोचा तास आला की पायाने अधू मुलाला सांगतात, "तू चपला सांभाळ." खिचडीच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. परीक्षेत न लिहिताच गुण देतात. हे दयेने केले तरी मुलाला ते समजते. आपले उत्तर कोणी वाचतच नाही, हे त्याला समजते. चाळीस मुलांच्या वर्गात बसून ते एकटेच असते. घरच्या उंबऱ्यात बसण्यापेक्षा हे एकटेपण वाईट, असे माझे मत आहे. घरी निदान कोणी हसत नव्हते.

या विषयाची पाहणी अनेक देशांत झाली आहे. अपंग मुलांना शाळेत चिडवणे आणि मारणे इतर मुलांपेक्षा जास्त सोसावे लागते, हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून आईची भीती अगदीच खोटी नाही. पण त्यावर उपाय आहेत, आणि ते फार महाग नाहीत.

एका शाळेत मला अधूनमधून कामाने जावे लागे. तिथे सातवीत एक मुलगी होती. ती चाकाच्या खुर्चीवर बसून येई. अभ्यासात बरी होती. पण दुपारनंतर तिचे लक्ष लागत नसे. डोके धरून बसे, कोणाशी बोलत नसे. घरी जाताच चिडचिड करी. सगळ्यांना वाटे, मुलगी हट्टी आहे. शेवटी तिथल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारले. तेव्हा कळले की ती सकाळपासून पाण्याचा थेंबही घेत नसे. का? संडासाला तीन पायऱ्या होत्या. लघवीला जायचे तर कोणाला तरी उचलावे लागे. मोठ्या झालेल्या मुलीला ते मेल्याहून मेल्यासारखे होई. म्हणून ती पाणीच पीत नसे.

तिच्या मनाचे दुखणे त्या तीन पायऱ्यांत होते. बाईंनी शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढला. गावातल्या गवंड्याने उतार बांधून दिला. उताराचे माप असे असते: एक फूट उंची चढायची असेल तर उतार बारा फूट लांब हवा. त्याहून आखूड केला तर खुर्ची चढत नाही आणि उतरताना घसरते. उतार झाला, दार रुंद केले, आत धरायला दांडा बसवला. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा ती मुलगी मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणींशी भांडत होती. मला ते भांडण ऐकून फार बरे वाटले.

शाळा व्यवस्थापन समितीत शेकडा 75 सभासद आईबापच असतात. म्हणजे तुम्ही-आम्हीच. तिथे हा विषय काढायला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नाचे शेकडा 5 अपंगांसाठी खर्चावेत, असा आपल्या राज्यात नियम आहे. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारावा.

उतार गवंडी बांधतो. सोबत मात्र वर्गाने द्यावी लागते. मुलाला काम दिले की सोबत आपोआप येते, असा माझा अनुभव आहे. घंटा वाजवायचे काम आंधळ्या मुलाला देता येते. ज्याला पळता येत नाही त्याला कबड्डीचा पंच करता येतो. पंचाशी सगळ्यांनाच बोलावे लागते. खेळही थोडा बदलता येतो. आंधळ्यांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे घालतात. चेंडू खुळखुळतो आणि आवाजावरून फटका मारतात. अंधांचा वीस षटकांचा पहिला विश्वचषक 2012 साली भारताने जिंकला. ज्या मुलाची समज वयाच्या मानाने कमी आहे, त्याला त्याच वर्गात बसवून सोपे काम द्यावे. ते त्याने पुरे केले की वर्गासमोर दाखवावे.

बहिऱ्या मुलाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. वर्ग हसतो तेव्हा तेही हसते, पण का हसलो हे त्याला ठाऊक नसते. त्याला पुढच्या बाकावर बसवावे. बोलताना आपले तोंड उजेडात ठेवावे. श्रवणयंत्र असेल तर त्याचा सेल संपला आहे का, ते रोज पाहावे. इतके करूनही पुष्कळ मुलांना पुरत नाही. त्यांची खरी भाषा हातांच्या खुणांची असते. ती बोलणारे कोणी जवळ नसेल तर मूल आतल्या आत कुढते. बहिऱ्यांच्या शाळेत जाऊन एकदा पाहा. तिथली मुले हातांनी इतक्या भरभर गप्पा मारतात की आपण पाहत राहतो. अशा मुलाला खास शाळेत घालणे यात कमीपणा नाही. पण सुट्टीत ते गावी येते तेव्हा घरच्यांना आणि शेजारच्या पोरांना चार खुणा यायला हव्यात. नाहीतर गावात ते पाहुणाच राहते.

मुलाचे मन शाळेत रमले की नाही, हे घरी कसे ओळखावे? मूल ते शब्दांत सांगत नाही. ते म्हणते, पोटात दुखते. सोमवारी सकाळी दुखते आणि रविवारी दुखत नाही. जेवण कमी होते. सुटलेली सवय परत येते, अंथरूण ओले होऊ लागते. धाकट्या भावंडाला विनाकारण मारते. किंवा अगदी गप्प होते. असे आठ-पंधरा दिवस दिसले तर शाळेत जाऊन विचारावे. रागाने जाऊ नये. पण जावे जरूर.

आणि "मी मेलो तर बरं होईल" असे मूल म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. रागावूही नये. त्याला एकटे सोडू नये. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नयेत. 14416 या नंबरावर फोन करावा. 2022 साली सरकारने ही सोय सुरू केली. तिचे नाव टेलि-मानस. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात.

आता कागदपत्रांविषयी थोडे. अपंगत्वाचा दाखला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून मिळतो. तो जरूर काढावा. परीक्षेत जादा वेळ मिळतो, दर तासाला 20 मिनिटे. हाताने लिहिता येत नसेल किंवा दिसत नसेल तर लेखनिक मिळतो. तालुक्याला समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे विशेष शिक्षक असतात. ते आपल्या शाळेत कधी येतात, हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे आणि त्या दिवशी आईने किंवा बापाने शाळेत हजर राहावे.

मूल दहा वर्षांचे झाले आणि कधीच शाळेत गेले नाही, तरी हरकत नाही. 14 वर्षांपर्यंतच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते. राहिलेला अभ्यास शाळेने भरून काढायचा असतो. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. शाळा जूनमध्ये उघडते. त्याआधी नाव घालावे. राहून गेले तर नंतरही घालता येते.