विश्लेषण : पर्यटनासाठी बांधलाच नव्हता, तरी भंडारदऱ्याचा तलाव पर्यटनस्थळ कसा बनला?

शनिशिंगणापूरचे दर्शन झाले की बहुतेक गाड्या शिर्डीकडे वळतात. याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, डोंगरांच्या कुशीतले भंडारदरा आहे. शिंगणापूर ज्या नेवासा तालुक्यात येते, तिथेच प्रवरासंगमला प्रवरा नदी गोदावरीला मिळते. तिचेच पाणी वर भंडारदऱ्याला अडवले आहे.

जवळपास ज्वालामुखी आहे का?

शंकूसारखा, तोंडातून धूर सोडणारा नाही. कळसूबाईचे शिखर (१,६४६ मीटर) लांबून तसे भासते, पण ते ज्वालामुखीचे तोंड नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेला. आज रतनगडाच्या कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. पुढे पाऊस आणि नद्यांनी ते कोरून दऱ्या केल्या. कठीण खडक आणि अरुंद दरी एकत्र मिळणे, धरण बांधणाऱ्याला आणखी काय हवे!

धरण कशासाठी?

दुष्काळासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगर जिल्हा लागोपाठच्या दुष्काळांत होरपळला होता. घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि खाली कोरडी शेते, हे अंतर कालव्यांनी जोडायचे होते. १९१० मध्ये काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केले. म्हणून ते ‘विल्सन धरण’, तर तलाव ‘आर्थर लेक’. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत साधारण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी धरते. १९६९ मध्ये भिंतीला तडे जाऊन गळती लागली, तेव्हा मागून भक्कम टेकू देऊन ती सावरण्यात आली.

हे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत गेले आणि खालच्या भागात ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला.

मग पर्यटक कधी आले?

तलाव झाला, त्यामागोमाग. आता काठावर एमटीडीसीचे निवासस्थान आहे, रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला झुंबड उडते. ही झुंबड काजव्यांच्या मुळावर येऊ शकते. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनी शोधतात आणि गाड्यांच्या दिव्यांत त्या खुणा हरवतात. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

उन्हाळ्यात तलाव आटलेला का दिसतो?

कारण पाण्यावर पहिला हक्क खालच्या शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा. त्यातच ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागू शकते. त्या हिशेबात भंडारदराही येतो आणि दर टंचाईच्या वर्षी नगर-मराठवाडा वाद पेटतो. पर्यटकांचा लाडका ‘अंब्रेला फॉल’ही धरणाच्या मोरीतून पाणी सोडले, तरच गोल खडकावर छत्रीसारखा पसरतो. तो पाहायचा तर आधी पाणी सोडले आहे का, हे विचारून निघावे.