यंत्राची निगा आणि कामगाराचा जीव

नागपुरात आपल्या समाजाचे असे घर क्वचितच सापडेल, की ज्याचा कारखान्याशी संबंध आला नाही. कोणाचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये सूतखात्यात होते, कोणाचे वडील मोतीबागच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झाले, कोणाचा मुलगा आज कोराडीला ठेकेदाराकडे हेल्पर आहे, तर कोणाची सून हिंगण्याच्या एम.आय.डी.सी.त पॅकिंगला जाते. सकाळची पाळी गाठण्यासाठी सीताबर्डीला बस किंवा मेट्रो बदलणाऱ्या गर्दीत डबा हातात घेतलेली आपली माणसे पुष्कळ असतात. घरी त्यांच्या पगाराची, बोनसची, ओव्हरटाईमची चर्चा होते. परंतु ज्या यंत्रासमोर ती आठ आठ तास उभी राहतात, त्या यंत्राची प्रकृती कशी आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. त्या प्रकृतीवर आपल्या माणसाची रोजी आणि पुष्कळदा त्याचा जीवही अवलंबून असतो, म्हणून हा लेखप्रपंच.

मोडल्यावर दुरुस्ती की मोडण्याआधी निगा?

आमच्या भगिनींना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. कुकरची रिंग सैल झाली, शिट्टीतून वाफ नीट येईनाशी झाली, की त्या भोक साफ करतात, रिंग बदलतात. कुकर फुटण्याची वाट पाहत नाहीत. शिलाई मशीनला तेल कधी द्यायचे, हेही त्यांना ठाऊक असते. कारखान्यातील निगा याहून वेगळी नाही, फक्त तिचा पसारा मोठा आहे.

यंत्र सांभाळण्याच्या तीन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे बंद पडेपर्यंत चालवायचे आणि बंद पडले की धावपळ करायची. हिला कारखान्यात ब्रेकडाऊन म्हणतात. दुसरी रीत ठरलेल्या मुदतीने यंत्र उघडून तपासण्याची. रेल्वेत डबा धावता असला तरी मुदत भरली की तो कारखान्यात येतो, सुटा केला जातो, झिजलेले भाग बदलून पुन्हा बाहेर पडतो. आपल्या रेल्वेतील बांधवांना पी.ओ.एच. हा शब्द पाठ असतो, तो याचाच. तिसरी रीत यंत्राच्या खुणा वाचण्याची. बेअरिंग जाण्यापूर्वी गरम होते, आवाज बदलते, थरथर वाढते. तेलात लोखंडाचा बारीक कीस उतरू लागतो. या खुणा मोजून, लिहून ठेवून, बिघाड होण्याआधीच सोयीच्या वेळी काम उरकायचे.

कोराडीचे उदाहरण घेऊ. तेथे १९७४ पासून वीज तयार होते आणि आज ६६० मेगावॉटचे प्रचंड संच चालतात. एवढ्या अवाढव्य संचाला थांबवायला बॉयलरच्या एका नळीला पडलेले भोक पुरते. कोळशाची राख वेगाने नळ्यांवर घासत जाते आणि नळीची जाडी हळूहळू कमी होते. म्हणून औष्णिक वीज केंद्रांत सालाबादच्या बंदीत ध्वनिलहरींच्या उपकरणाने नळ्यांची जाडी मोजतात आणि पातळ झालेल्या नळ्या बदलतात. हे केले नाही, तर नळी आपल्या सोयीने फुटते. मग घाई होते, रात्र होते, वरून फोनवर फोन येतात. अशा घाईत बॉयलर पुरता गार होण्याआधी माणसे आत पाठविण्याचा मोह होतो. या मोहाची किंमत साहेब मोजत नाही, आत जाणारा मोजतो.

हिशेबाच्या वहीत न दिसणारा खर्च

वाणिज्य शाखेत शिकताना आम्हाला घसारा शिकविला गेला. यंत्र दरवर्षी झिजते, म्हणून त्याची किंमत पुस्तकात दरवर्षी कमी करायची. पण पुस्तकातील घसारा आकड्यांचा असतो. यंत्राची खरी झीज त्या स्तंभात दिसत नाही. ग्रीस, फिल्टर, पट्टा आणि फिटरचा पगार हा खर्च मात्र ठळक दिसतो. म्हणून काटकसरीची वेळ आली, की पहिली कात्री देखभालीवर चालते. त्या वर्षी नफा फुगलेला दिसतो. पुढे यंत्र बंद पडते, माल अडतो, ठेकेदाराच्या माणसांना ‘आज काम नाही’ म्हणून गेटवरून परत पाठविले जाते. त्या बुडालेल्या रोजीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती आपल्या घरातील डाळ-तांदळाच्या डब्यात होते.

या बाबतीत नागपूरचाच इतिहास बोलका आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. सुरुवातीला काटकसर म्हणून घेतलेली यंत्रे हलकी निघाली आणि मालही हलका निघू लागला. जमशेटजींनी हा धडा लवकर ओळखला. जुनी यंत्रे काढून चांगली बसविली, १८८३ साली नव्या रिंग चात्यांचा प्रयोग केला, हवेत ओलावा राखण्याची आणि आग विझविणाऱ्या फवाऱ्यांची सोय केली. कामगारांसाठी पेन्शन फंडही काढला. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचे नाव आजही बेझनबागेच्या रूपाने आपल्या तोंडी आहे. ही गिरणी १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. केवळ निगेअभावी ती बंद पडली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. धंद्याची कारणे अनेक होती. पण यंत्र आणि माणूस दोघांवर खर्च केल्याने गिरणी भरभराटीस येते, हे याच गिरणीने एके काळी देशाला दाखविले होते.

उगाच उघडणेही बरे नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारंवार यंत्र उघडले म्हणजे निगा झाली, असे नाही. अमेरिकेतील विमान कंपनीच्या तज्ज्ञांनी १९७८ साली एक प्रसिद्ध अहवाल लिहिला. विमानाच्या भागांचा अभ्यास करता त्यांना आढळले, की वय वाढले म्हणून बिघाड वाढतो असे भाग शंभरात सुमारे अकराच होते. बाकीच्यांचा बिघाड वयाशी बांधलेला नव्हता, आणि पुष्कळ भाग तर नवे बसविल्यावर किंवा नुकतेच उघडून जोडल्यावरच बिघडत होते. चुकीचा नट, राहून गेलेली वॉशर, वाकडे बसलेले कपलिंग यांनी चांगले यंत्र आजारी पडते. म्हणून आधुनिक शास्त्र सांगते, की कोणता भाग बिघडल्यास काय परिणाम होईल हे आधी ठरवा, जेथे माणसाचा जीव गुंतला आहे तेथे सर्वांत जास्त लक्ष द्या, आणि बिघाड झाला की नुसता भाग बदलून थांबू नका, तो का बिघडला हे शोधा. तेच बेअरिंग दर तीन महिन्यांनी जात असेल, तर दोष बेअरिंगचा नसून दुसरीकडे आहे.

हे मूळ शोधणे आपल्याला नवे नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते, आणि तसा मार्ग आहे, ही शिकवण तथागतांनी दिली. यंत्रशाळेतही हीच दृष्टी कामी येते.

ऐकून न घेतलेला शब्द

यंत्राच्या खुणा सर्वांत आधी कोणाला कळतात? जो त्याच्याजवळ उभा असतो त्याला. ऑइलमनला, हेल्परला, झाडणाऱ्या बाईला. आज आवाज वेगळा आहे, हे त्यांच्या कानाला मीटरच्या आधी कळते. पण त्यांचा शब्द कोण ऐकतो? यंत्राला हात न लावणारा निर्णय घेतो आणि हात लावणाऱ्याला बोलण्याची मुभा नसते, ही रीत आम्हाला फार जुनी वाटते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. आज तो विटाळ कायद्याने गेला. पण ‘तू हेल्पर, तुला काय कळते’ या वाक्यात त्याची सावली शिल्लक आहे.

जपानने उलट वाट धरली. तेथे १९७१ च्या सुमारास अशी पद्धत पुढे आली, की यंत्र चालविणाऱ्यानेच ते रोज पुसावे, तेल द्यावे, ढिले नट आवळावेत आणि दिसलेला दोष लिहावा. पुसताना हात फिरतो, आणि हात फिरला की तडा सापडतो. मात्र ही पद्धत आणताना कामगाराला शिक्षण आणि वेळ दिला पाहिजे. दोन्ही न देता नुसते काम वाढविले, तर ती निगा नव्हे, वेठबिगारी होईल.

शब्द न ऐकण्याचा शेवट कोठे होतो, ते २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळने पाहिले. विषारी रसायन गार ठेवणारी शीतयंत्रणा बंद ठेवलेली होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी सुटा केलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा त्या रात्री पुरी पडली नाही. खर्चकपातीत माणसे कमी केलेली होती. संरक्षणाची साधने कागदावर होती, वेळेला कामी आली नाहीत. मेले ते बहुतांश कारखान्याशेजारच्या झोपड्यांतील गरीब.

कायदा आपल्या बाजूने किती?

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्यांचे मोठे अधिवेशन झाले आणि त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याची सूत्रे घेतली. १९४६ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत मालक, सरकार आणि कामगार एका टेबलाशी बसू लागले. आठवड्याचे काम ४८ तासांवर आणण्याचा कायदा १९४६ साली झाला. थकलेल्या डोळ्याला यंत्राचा धोका दिसत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे कामाचे तास हाही सुरक्षेचाच प्रश्न होता, हे पटते.

पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना कठडे आणि उचलयंत्रांची मुदतीने तपासणी सक्तीची केली. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याच्या कारखान्यात कामगारांचा समान वाटा असलेली सुरक्षा समिती आणि धोका दाखवून देण्याचा कामगाराचा हक्क आला. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यातही कामगाराला आपल्या सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क आहे. गंभीर इजेची किंवा मृत्यूची रास्त भीती वाटल्यास तो मालकाकडे थेट किंवा समितीच्या सदस्यामार्फत म्हणणे मांडू शकतो. मालकाला ते पटले तर त्याने ताबडतोब उपाय करावयाचा, न पटले तर प्रश्न निरीक्षकाकडे पाठवावयाचा.

हक्क वापरणाऱ्याचाच असतो. म्हणून आमच्या बांधवांना आणि भगिनींना काही गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. यंत्रात वेगळे काही दिसले, तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख आणि वेळ घालून लिहून द्या व नक्कल आपल्याजवळ ठेवा. यंत्र बंद करून, वीज तोडून, स्विचला कुलूप लावल्याशिवाय आत हात घालू नका. कुलूप कोणाचे आणि किल्ली कोणाकडे, हे पाहा. टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरण्याआधी आतली हवा तपासली का, हे विचारा. एकट्याने विचारण्यास भीती वाटते, तर युनियनमार्फत किंवा चौघांनी मिळून विचारा. आय.टी.आय. झालेल्या मुलांनी नुसता नट आवळणे शिकून समाधान मानू नये. थरथर मोजणे, तेल तपासणे, नोंदी ठेवणे हेही शिकावे, कारण उद्याची बढती त्यातच आहे. विहारातील रविवारच्या बैठकीत महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी फिटरला बोलवा. आमच्या वस्त्यांत असे निवृत्त कारागीर आहेत, त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर संपू देऊ नका. आणि घरच्यांनी पगाराबरोबर हेही विचारावे, की आज मशीन कसे होते.

जे जे घडविलेले आहे ते ते झिजणारच, हा अनित्यतेचा नियम लोखंडालाही चुकलेला नाही. म्हणूनच महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे सतत सावध राहण्याचा उपदेश केला. कारखान्यात प्रमाद झाला, तर त्याचे फळ दुसऱ्या कोणाला तरी भोगावे लागते, आणि तो बहुधा आपलाच माणूस असतो. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी दोन्ही हात शाबूत घेऊन घरी आला पाहिजे. एवढी मागणी करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.