वनस्पति-उद्यानातील एक दिवस : शेतकऱ्याने काय पाहावे?

शेतकऱ्यांच्या अभ्यास-सहली बहुधा संशोधन केंद्रे, साखर कारखाने, दुग्धशाळा व फळबागा यांच्याकडे जातात. वाटेत एखादे वनस्पति-उद्यान लागले तर तेथे घटकाभर विसावा घ्यावयाचा, झाडाखाली शिदोरी सोडावयाची आणि पुढे निघावयाचे, असा प्रघात आहे. उद्यान म्हणजे शहरवासीयांचे फिरावयाचे ठिकाण, तेथे शेतकऱ्याने शिकण्याजोगे काय असणार, अशी समजूत यामागे असते. ही समजूत बरोबर नाही. ज्या ठिकाणी परमुलखातील वनस्पती प्रथम आणून लावल्या गेल्या, त्यांपैकी कोणत्या जगल्या, कोणत्या मेल्या व कोणत्या डोईजड झाल्या याचा दोनशे वर्षांहून अधिक काळचा अनुभव जेथे साठलेला आहे, ते ठिकाण नवीन पीक घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने अवश्य पाहावे. हावडा येथील आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पति-उद्यान हे असे एक ठिकाण होय.

उद्यानाची स्थापना व हेतू

कोलकात्याच्या समोर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, शिवपूर येथे हे उद्यान वसलेले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २७३ एकर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील कर्नल रॉबर्ट किड या अधिकाऱ्याने १७८६ साली उद्यानाची योजना सरकारपुढे मांडली व १७८७ साली ते स्थापन झाले. शोभेच्या व दुर्मिळ झाडांचा संग्रह करणे हा किडचा मूळ हेतू नव्हता. १७७० च्या भीषण दुष्काळात बंगालमध्ये अगणित माणसे मेली होती. दुष्काळात लोकांच्या पोटाला आधार देतील अशी साबुदाण्याच्या ताडासारखी व खजुरासारखी झाडे आणावी, तसेच कंपनीच्या व्यापारास उपयोगी पडतील असे मसाले व जहाजबांधणीचे लाकूड येथे तयार करावे, असा त्याचा विचार होता. म्हणजे मूळची ही बाग एका अर्थी मोठे चाचणी-क्षेत्रच होती.

१७९३ साली किडच्या मृत्यूनंतर डॉ. विल्यम रॉक्सबर्ग हे उद्यानाचे अधीक्षक झाले. त्यांनी भारतातील वनस्पतींची शास्त्रशुद्ध वर्णने तयार केली आणि भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांच्या आसपास वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेतली. १९६३ पासून उद्यानाची व्यवस्था भारतीय वनस्पति सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे. आजचे नाव उद्यानास २००९ साली देण्यात आले.

सकाळ : मोठा वड

येणारा प्रत्येक जण प्रथम मोठ्या वडाकडे वळतो. दुरून पाहणाऱ्यास ती एक राईच वाटते. प्रत्यक्षात ते एकच झाड असून त्याचा विस्तार दीड हेक्टरहून अधिक जागेवर पसरलेला आहे व त्यास तीन हजारांहून अधिक पारंब्यांचा आधार आहे. हा वड एका शिंदीच्या झाडावर रुजला, असे सांगितले जाते. वडाचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून दुसऱ्या झाडावर पडते, तेथे रुजते व पुढे त्या झाडालाच वेढून टाकते, हे आपल्याकडील शेतकऱ्यांच्या नित्य पाहण्यात आहेच.

या झाडाचा मूळ बुंधा आज अस्तित्वात नाही. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत झाडाला इजा झाली. उघड्या पडलेल्या भागातून बुरशीचा शिरकाव झाला आणि बुंधा आतून कुजत गेला. अखेरीस १९२५ साली रोगट बुंधा काढून टाकण्यात आला. झाड मात्र जगले, कारण तोपर्यंत शेकडो पारंब्यांनी जमीन धरली होती व प्रत्येक पारंबी स्वतंत्र खोडाचे काम करीत होती. २०२० च्या मे महिन्यातील 'अम्फान' वादळात उद्यानातील शेकडो झाडे उन्मळून पडली. या वडाच्याही काही पारंब्या गेल्या, पण वड उभा राहिला.

आंबा, चिकू, संत्रा यांची बाग असलेल्या शेतकऱ्याने येथे थोडे थांबून विचार करावा. वडास पारंब्यांचा आधार होता, तसा आंब्याला वा संत्र्याला नाही. वादळात फांदी चिरफाळली, नांगराचा फाळ लागून साल निघाली किंवा छाटणीचा घाव तसाच उघडा राहिला, तर बुरशीला वाट मिळते. म्हणून मोडलेली फांदी धारदार करवतीने साफ कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. हे काम वर्षानुवर्षे लांबणीवर पडले की काय होते, याचे उत्तर वडाच्या मधल्या रिकाम्या जागेत मिळते.

साग फसला, महोगनी रुजली

वडाकडून निघाल्यावर लाकडाच्या झाडांचे भाग पाहावे. किडने जहाजांच्या लाकडासाठी येथे सागाची मोठी लागवड केली होती. साग हा परदेशी वृक्ष नव्हे. भारताच्या जंगलांत तो आपोआप वाढतो. म्हणून ही लागवड यशस्वी होणार याविषयी फारशी शंका नसावी. परंतु हुगळीकाठच्या गाळाच्या, सखल व ओलसर जमिनीत साग आरंभी जोमाने वाढे व पुढे बुंध्याशी पोकळ होई. त्यापासून मोठे, निकोप लाकूड मिळेना. कित्येक वर्षांच्या अनुभवानंतर हा प्रयत्न सोडून देण्यात आला आणि १८२० च्या सुमारास सागाखालील काही जमीन बिशप्स कॉलेजला देण्यात आली. सागाला निचऱ्याची जमीन लागते, ही गोष्ट आज कृषि-शाळेतील विद्यार्थीही सांगतो. त्या काळी ती कळण्यासाठी अनेक वर्षे व पुष्कळ पैसा खर्ची पडला.

किडच्या मसाल्यांचीही तीच गत झाली. जायफळ व लवंग यांसारख्या झाडांना विषुववृत्ताजवळचे बारमाही उष्ण व दमट हवामान लागते. बंगालचा कोरडा हिवाळा व उन्हाळ्याची झळ त्यांना सोसली नाही. थंड मुलखातील फळझाडे तर उष्णतेपुढे टिकलीच नाहीत.

याउलट महोगनी पाहा. वेस्ट इंडीज बेटांतील हा वृक्ष १७९५ साली या उद्यानात आला व येथे उत्तम रुजला. त्याचे उंच, सरळ वृक्ष पाहून कोणाही शेतकऱ्यास मोह पडेल. अलीकडे तर महोगनीच्या लागवडीतून थोड्या वर्षांत लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती खेडोपाडी पोहोचल्या आहेत. म्हणून येथे सावधपणे विचार केला पाहिजे. हावड्याच्या भागात वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जमीन खोल गाळाची आहे आणि पाण्याची पातळी वर आहे. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात पाऊस याच्या निम्म्यानेही नसतो आणि हातभर खणले की मुरूम लागतो. शिवाय महोगनीच्या कोवळ्या रोपांचा शेंडा पोखरणारी अळी सरळ खोडाची आशा पहिल्या काही वर्षांतच धुळीस मिळवू शकते. उद्यानातील महोगनी एवढेच सिद्ध करते की त्या जमिनीत, त्या पावसात हे झाड चांगले वाढले. आपल्या शेतात ते कसे वाढेल व त्याचे लाकूड कोण, कोणत्या भावाने घेईल, याविषयी ते झाड काहीच सांगत नाही.

चहाची रोपे

चहाचा इतिहास याहून बोधप्रद आहे. चीनमधून आणलेले चहाचे बी १८३५ साली या उद्यानात पेरण्यात आले व त्यापासून सुमारे ४२,००० रोपे तयार झाली. उद्यानाच्या जमिनीत चहा होणार नाही, हे ओळखून ती रोपे आसाम, कुमाऊँ व निलगिरी या डोंगराळ भागांत पाठविण्यात आली. त्याच सुमारास आसामच्या जंगलात चहाचे झाड मुळातच आहे, हे सिद्ध झाले होते. पुढील काळात आसामच्या उष्ण व दमट हवेत चिनी रोपांपेक्षा तेथील देशी जातच सरस ठरली व मळेवाल्यांनी तीच पसंत केली. दूर देशाहून मोठ्या खर्चाने आणलेल्या जातीपेक्षा घरची जात वरचढ ठरू शकते, हे यावरून दिसते. नवीन वाण घेण्यापूर्वी गावातील जुने वाण टाकून देऊ नये, असे कृषि विभाग सांगतो तो याचसाठी.

पाहुणी आली नि मालकीण झाली

उद्यानांनी देशाला दिलेल्या सर्वच वनस्पती हितकारक ठरल्या असे नाही. आपल्या डोंगरउतारांवर व गायरानांत माजलेली घाणेरी, जिला कोठे टणटणी म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या याच उद्यानात ती शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. तिची फुले रंगीबेरंगी आणि कुंपणास ती उपयोगी, म्हणून लोकांनी ती हौसेने लावली. पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी रानोमाळ नेले. आज तिच्या जाळीखाली गवत वाढत नाही आणि पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते. १९५५ च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम नजरेस आलेले गाजर गवत तर कोणी मुद्दाम आणलेही नव्हते, तरी ते आज प्रत्येक बांधावर आहे.

परदेशातून बी, कलमे वा रोपे आणण्यावर सरकारने निर्बंध घातले आहेत, ते अशा अनुभवामुळेच. याविषयीचा पहिला कायदा १९१४ चा असून सध्या २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू आहे. परदेशी गेलेल्या नातलगाने खिशातून आणलेले मूठभर बी ही निरुपद्रवी भेट वाटते. परंतु त्यासोबत तण, कीड वा रोग येऊ शकतो व एकदा आलेला तो परत पाठविता येत नाही.

दुपार : तळी, ताड व पाट्या

दुपारी तळ्यांच्या बाजूने हिंडावे. उद्यानात एकमेकांशी जोडलेली चोवीस तळी असून त्यांचा हुगळीशी संबंध आहे. १८७१ मध्ये अधीक्षक झालेल्या जॉर्ज किंग यांनी वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या बागेची नव्याने आखणी केली. त्यांनी सखल भागात तळी खोदली व निघालेल्या मातीने भोवतालची जमीन उंच केली. एकाच कामात पाण्याचा साठा, निचरा व भराव ही तिन्ही साधली. पाणथळ जमिनीच्या मालकाने ही आखणी नीट न्याहाळावी. याच तळ्यांत थाळ्यासारख्या प्रचंड पानांची व्हिक्टोरिया कमळेही वाढविली जातात.

ताडवर्गीय झाडांच्या संग्रहात सेशेल्स बेटांवरील जोड-नारळाची हकीगत विचारावी. १८९४ साली लावलेले हे झाड मादी होते. जवळ नर झाड नसल्याने त्यास फळ धरणे शक्यच नव्हते. परदेशातून परागकण आणून २०१३ साली कृत्रिम परागीभवन साधण्यात आले, तेव्हा कोठे फळ धरले. पपई वा खजूर लावणाऱ्यास यातील मर्म सांगावयास नको : बागेत नर झाडांचे योग्य प्रमाण नसेल तर उत्तम मशागतही फळ देऊ शकत नाही.

प्रत्येक झाडाची पाटी वाचण्याची सवय ठेवावी. पाटीवरील शास्त्रीय नाव व मूळ स्थान या दोन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्या. एकाच झाडाला दहा गावांत दहा नावे असतात आणि एकाच नावाखाली दोन निराळी रोपे विकली जातात. शास्त्रीय नाव मात्र सर्वत्र एकच असते. उद्यानाच्या आवारातील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात सुमारे वीस लाख वाळविलेले नमुने जपून ठेवले आहेत, ते ही ओळख निश्चित राहावी म्हणूनच.

सहलीची तयारी

हावडा रेल्वे स्थानकापासून उद्यान सुमारे आठ किलोमीटरवर आहे. हिवाळ्याचे दिवस उत्तम. उद्यानाच्या वेळा व साप्ताहिक सुटी आधी विचारून घ्यावी. पूर्ण दिवस राखून ठेवावा, सोबत पाणी, वही व पेन्सिल घ्यावी आणि बी, पान वा फांदी तोडू नये. इतक्या दूर जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी पुण्यास गणेशखिंड येथील १८७३ पासूनची बाग पाहावी. आंब्यांच्या जुन्या झाडांसाठी ती प्रसिद्ध आहे.

नवीन पीक घेण्यापूर्वी

उद्यानातील अनुभवाचे सार पुढील पाच प्रश्नांत सांगता येईल. नवीन झाड वा पीक घेण्यापूर्वी शेतकऱ्याने ते स्वतःस विचारावे :

१. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव व मूळ स्थान कोणते? तेथील पाऊस, थंडी व ऊन आपल्यासारखे आहे काय?

२. तिला कोणती जमीन लागते? आपल्या जमिनीची खोली व निचरा तपासला आहे काय?

३. आपल्या तालुक्यात ती कोणी किमान पाच वर्षे वाढविली आहे काय? असल्यास ते शेत स्वतः पाहिले काय?

४. तिच्यावर कोणती कीड व रोग येतात? ती आपोआप पसरून तण होण्याचा संभव आहे काय?

५. माल कोण घेणार? रोपे विकणाऱ्याखेरीज दुसरा कोणी याचे उत्तर देतो काय?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसल्यास संपूर्ण शेत गुंतवू नये. चार-दोन गुंठ्यांत, किंवा लाकडाची झाडे असल्यास बांधावर दहा-वीस रोपे लावून, दोन-तीन पावसाळे पाहावे. तत्पूर्वी जवळच्या कृषि विज्ञान केंद्राचा वा कृषि सहायकाचा सल्ला घ्यावा. सागाच्या लागवडीचे नुकसान कंपनी सरकारच्या तिजोरीने सोसले. शेतकऱ्याच्या फसलेल्या लागवडीचे नुकसान त्याच्या घरालाच सोसावे लागते. म्हणून दुसऱ्यांच्या खर्चाने झालेले प्रयोग पाहण्यात एक दिवस घालविणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने लाभाचाच व्यवहार होय.