दोन बटणांचा नरक

चाळ रिकामी करण्याच्या आधीच्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याला थोरल्या भावाकडे म्हणून मी डोंबिवलीहून डिलाईल रोडला गेलो होतो. पाटीवर रस्त्याचे नाव ना. म. जोशी मार्ग आहे. ज्या माणसाने १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, त्याचे नाव या रस्त्याला असणे योग्यच. पण आमच्या पिढीच्या जिभेवरून डिलाईल रोड काही उतरत नाही. बीडीडी चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली. तीत एकेकाळी आम्ही नऊ माणसे झोपत होतो, म्हणजे दोघे बाहेर पॅसेजमध्ये.

खोलीत पुतण्याचा अकरावीतला मुलगा टीव्हीपुढे मांडी घालून बसला होता. पडद्यावर एक उघडाबंब माणूस हातातले हाडांचे कोयतेवजा हत्यार गरगरा फिरवीत होता. त्याच्या छातीवर तांबड्या कापडाचा क्रूस चक्क सुईदोऱ्याने कातडीला शिवलेला. समोरून येईल त्याला तो उभा-आडवा कापत होता. खालून सारखे किंचाळण्याचे आवाज.

‘‘काय रे हे?’’

‘‘जुना गेम आहे आजोबा. डान्टेज इन्फर्नो.’’

मी हातातला फराळाचा डबा तसाच धरून खाटेवर बसलो.

माझी आणि दान्तेची ओळख नोकरीतली. फोर्टच्या शाखेत असताना जेवणाच्या सुट्टीत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळायची सवय लागली होती. तिथे मला डोरोथी सेयर्सबाईंच्या इंग्रजी अनुवादाची एक फाटकी प्रत मिळाली. या बाई गुप्तहेरकथा लिहीत आणि १९४९ साली त्यांनी दान्तेचा ‘नरक’ इंग्रजीत आणला. बँकेत नोकरी करून कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशा माणसांचा फार धीर वाटतो. पुढे कळले की, आपण टाऊन हॉलच्या ज्या पायऱ्यांवर बसून डबा खातो, त्यांच्यावरच्या एशियाटिक सोसायटीत या महाकाव्याची एक प्राचीन हस्तलिखित प्रत आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ती सोसायटीला दिली. मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने ते नाकारले, अशी कथा मुंबईत सांगतात. कथा खरी असो-नसो, मला ती आवडते. हिशेब करायची सवय असलेल्या या शहराने एकदा तरी कवितेच्या बाजूने खाते बंद ठेवले!

दान्तेचा जन्म १२६५ सालचा, फ्लॉरेन्सचा. राजकारणात पडला, त्याचा पक्ष हरला, १३०२ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली आणि १३२१ मध्ये रावेन्नाला मरेपर्यंत त्याला आपले गाव पुन्हा दिसले नाही. या वनवासात त्याने नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग यांची शंभर सर्गांची यात्रा रचली. नरकाचे ३४ सर्ग, नऊ वर्तुळे, खाली उतरत जाणारी. आपल्याकडच्या नरकात आगीची आणि उकळत्या तेलाची रेलचेल. दान्तेच्या नरकाच्या तळाशी बर्फ आहे. विश्वासघात करणारे तिथे गोठून पडले आहेत. सतराव्या सर्गात मी थबकलो होतो. तिथे व्याजावर पैसा लावणारे तापलेल्या वाळूवर बसले आहेत. त्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत. गळ्यात पैशाची थैली, तिच्यावर घराण्याचे चिन्ह, आणि नजर त्या थैलीवर. दुपारी अडीचला परत काउंटरवर जाऊन बसलो तेव्हा आमच्या शाखेतल्या सगळ्यांच्याच गळ्यात मला थैल्या दिसू लागल्या. माझ्यासकट.

अशा कवितेचा हाणामारीचा खेळ करायचा, हे अमेरिकेतल्या व्हिसरल गेम्स या कंपनीला सुचले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीने तो फेब्रुवारी २०१० मध्ये बाजारात आणला. मूळचा दान्ते हा वाट चुकलेला, भेदरलेला मध्यमवयीन कवी. खेळात त्याचा धर्मयुद्धातला सैनिक झाला. खुद्द मृत्यूला हरवून त्याचे हत्यार तो हिसकावून घेतो. काव्यातली बिआत्रिचे त्याला वाचवायला स्वर्गातून माणूस धाडते. खेळात तिलाच सैतान पळवून नेतो आणि नायक तिला सोडवायला निघतो. म्हणजे गोष्ट आपल्या हिंदी सिनेमाच्या रस्त्याला लागली. वाटाड्या व्हर्जिल तेवढा राहिला आहे, पण तो मधून मधून येऊन चार ओळी बोलतो आणि निघून जातो. लग्नातल्या भटजींकडे लोक जेवढे लक्ष देतात, तेवढेच खेळणारी मुले त्याच्याकडे देतात.

जाहिरातीचा प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. २००९ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या खेळ-प्रदर्शनाबाहेर काही धार्मिक मंडळी फलक घेऊन या खेळाचा निषेध करीत उभी राहिली. नंतर कंपनीनेच कबूल केले की, ही माणसे भाड्याने आणलेली होती. मोर्चाला माणसे गोळा करण्याची विद्या फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता. पुढे त्यांनी खेळांवर लिहिणाऱ्या समीक्षकांना दोनशे डॉलर्सचे खरे चेक पाठवले. चेक वटवलात तर तुम्ही लोभी, न वटवलात तर उधळे. दोन्ही पापांना एकाच वर्तुळात जागा. सदतीस वर्षे चेक पास करण्यात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, कल्पना अव्वल आहे. दान्तेच्याही चौथ्या वर्तुळात कंजूष आणि उधळे एकमेकांवर धोंडे ढकलत असतात. म्हणजे या मंडळींनी काव्य वाचले होते, हे मान्य करायला हवे. लाँगफेलोने केलेला अनुवादही खेळातल्या नायकाचे चित्र मुखपृष्ठावर घालून नव्याने विक्रीला आला.

अभिजात काव्याची विटंबना झाली म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. दान्तेने तरी काय केले? व्हर्जिलचे महाकाव्य घेतले, त्यातली पाताळयात्रा उचलली, आपल्या गावचे वैरी त्यात कोंबले, एका पोपला उलटा पुरला. तो काही संत नव्हता. बर्फात गोठलेल्या एका देशद्रोह्याचे नाव कळावे म्हणून त्याने त्याचे केस उपटले आहेत. आणि नरकाचा खेळ करणे हे तर आपल्याला मुळीच नवे नाही. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट म्हणजे दुसरे काय आहे? घराघरांवर पापपुण्यांची नावे, कवड्या टाकायच्या, सद्‌गुणाची शिडी मिळाली की वर, दुर्गुणाचा साप गिळू लागला की थेट नरकाच्या घरात. इंग्रजांनी तोच पट नेऊन त्याची सापशिडी केली आणि घरांवरची नावे हळूहळू पुसली गेली. आमच्या चाळीत श्रावणात खेळायची ती नुसत्या आकड्यांची, पुठ्ठ्यावरची. नरकाची भीती आम्हाला वेगळ्या वाटेने मिळाली. आजोबा गेले तेव्हा खोलीत रोज संध्याकाळी गरुडपुराण वाचले जाई. कुंभीपाक, रौरव, असिपत्रवन, वैतरणी. पॅसेजमध्ये बसून आम्ही पोरे ते ऐकत असू आणि रात्री शेवटच्या टोकाच्या संडासाला एकटे जायला तयार नसू. (वैतरणीची गंमत पुढे कळली. लोअर परळचा आमचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षे वळसे घालून पलीकडे जाणाऱ्यांना गाईचे शेपूट कोणी दिले नाही.)

मोक्षपटात एक गोष्ट मला लक्षात घेण्यासारखी वाटते. तिथे सापाच्या तोंडी आपण जातो. शेजारी बसलेल्याला ढकलण्याची सोय नाही. दान्तेच्या काव्यात कवीच्या हातात काही नाही, तो बघतो आणि ऐकतो. दुसऱ्या वर्तुळात फ्रान्चेस्का नावाच्या बाईची प्रेमकहाणी आणि तिचा शेवट ऐकून तो बेशुद्ध पडतो. महाभारतातला धर्मराज नरकाच्या दारातून परत फिरणार तोच त्याला भावंडांचे आवाज ऐकू येतात. तो देवदूताला सांगतो, तू जा, मी इथेच थांबतो. हातात हत्यार घेऊन, वाटेत येईल त्याला कापत नरकातून जाणारा माणूस मात्र मी त्या दिवशी प्रथमच पाहत होतो.

आणि तेवढ्यात खेळ थांबला. पडद्यावर गुडघे टेकलेली, धुरकट अशी एक बाई. खाली दोन बटणांची चित्रे.

‘‘ही कोण?’’

‘‘असे आत्मे मध्ये मध्ये भेटतात. हे दाबलं की शिक्षा, हे दाबलं की माफी. दोन्हीचे पॉइंट मिळतात. शिक्षेचे वेगळे, माफीचे वेगळे.’’

ती फ्रान्चेस्का होती. सातशे वर्षांपूर्वी जिच्या गोष्टीने कवीची शुद्ध हरपली, ती आमच्या खोलीत, फडताळाशेजारच्या पडद्यावर, अकरावीतल्या मुलाच्या अंगठ्याची वाट पाहत होती.

‘‘बोला आजोबा, कुठलं दाबू?’’

मला बोलता येईना. त्याचे कारण त्याला सांगण्यासारखे नव्हते; इथे सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मला बँकेत क्लार्क म्हणून चिकटून जेमतेम वर्ष झाले होते. शाखा घरापासून चालत दहा मिनिटांवर. अडीच लाख कामगार संपावर, त्यांतले आमच्या मजल्यावरचे किती ते मोजायची गरज नव्हती; एकट्या आमच्या घरात नियमित पगार येत होता. वडीलही संपातच होते. पहिले तीन-चार महिने लोकांनी बचत खाती मोकळी केली. पावसाळ्यात तारण कर्जाच्या टेबलासमोर रांग लागली. त्या टेबलावर मी होतो. सराफ वजन करून सांगे, मी लिहून घेई: पाटल्या एक जोड, डोरले एक, कुडी एक जोड. गणपतीत तर बायका हातात काचेच्या बांगड्याच घालून आरतीला उभ्या होत्या आणि कोणाचे काय कुठल्या पाकिटात आहे ते मला आकड्यांसह ठाऊक होते. लहानपणी चित्रगुप्ताची वही ऐकली होती. ती लिहिणाऱ्याला रात्री झोप येते का, हे गरुडपुराणात कुठे आलेले नाही.

आमच्या खोलीपासून चौथ्या खोलीत एक काकू होत्या. नाव सांगत नाही. आई आजारी असली की आमचा डबा त्या करीत. काका संपात होते, मग गावी गेले, मग आजारी परतले. काकूंचे मंगळसूत्र माझ्याच हस्ताक्षरात नोंदवलेले होते. व्याज थकले. नोटीस गेली, तीही माझ्याच अक्षरात, कारण तेव्हा नोटिसा हाताने भरत. १९८४ मध्ये लिलावाची यादी तयार झाली. यादी वर जाण्याआधी ज्या प्रकरणात मुदतवाढ द्यावी असे वाटेल तिथे शेरा मारायची मुभा मॅनेजरसाहेबांनी मला तोंडी दिली होती. ‘‘तू त्यांच्यातलाच आहेस, तुला माहीत असणार,’’ असे ते म्हणाले होते. काकूंच्या नावासमोर पेन्सिल धरून मी बराच वेळ बसलो. शेरा मारला, तर घरच्या माणसाला सवलत दिली म्हणून उद्या कोणी बोट दाखवील. मी अजून कच्चा होतो, नोकरी गेली तर घरातला एकमेव पगार गेला. आणि लिलावाला घाला, असेही काही माझ्या हातून लिहवेना. मी ती ओळ कोरी सोडली आणि यादी पुढे सरकवली.

कोऱ्या ओळीचा अर्थ काय होतो, ते बँकेत शिपायालाही ठाऊक असते.

पुढे कित्येक महिने, काकूंची खोली ओलांडूनच जिना येतो म्हणून, मी पहाटे चपला हातात घेऊन पॅसेजमधून जात असे. त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. माझ्या लग्नात त्या आल्या तेव्हा गळ्यात काळी पोत होती. मी अधिकारी झालो, इतर शाखांत मोठमोठी बुडीत कर्जे निर्लेखित करण्याच्या टिपणांवर सह्या केल्या. लाखांची माफी एका सहीत होते; खाली नियमाचा क्रमांक टाकला की काम झाले. त्या संपावर, गिरणगावावर मी कादंबरीत लिहिले, लोकांनी बरे म्हटले. ही ओळ मात्र त्यात नाही.

एवढे सगळे मुलाला काय सांगणार? मी त्याला उलटे विचारले, ‘‘आणि कुठलंच बटण दाबलं नाही तर? खेळ तिथेच अडकून राहतो का?’’

‘‘छे!’’ तो म्हणाला. ‘‘नाही दाबलं तरी चालतं. बाजूने पुढे निघून जायचं. पॉइंट मिळत नाहीत, एवढंच.’’

त्याने बोटाने काहीतरी केले. बाई मागे राहिली आणि कोयतेवाला अंधारात पुढे चालू लागला.

‘‘थांब,’’ मी म्हणालो. ‘‘तिच्याकडे परत जाता येतं का?’’

त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिले, मग पडद्याकडे वळून तो नायकाला मागे फिरवू लागला. आतून वहिनी फराळाचा डबा मागत होती. तो माझ्या मांडीवरच होता.