शेत एक, भाऊ तीन

तुमचे घर दर्यापूरकडचे असो की अकोटकडचे, शेती असेल तर सातबाऱ्याचा उतारा घरात सापडेलच. तो समोर घ्या. नमुना सातमध्ये शेत कोणाचे व किती ते कळते. नमुना बारामध्ये त्यात कपाशी पेरली की तूर, ते कळते. ही दोन निराळी कोष्टके आहेत. गट क्रमांक दोन्हींत असतो, म्हणून ती जोडून वाचता येतात.

संगणकातील ‘रिलेशनल डेटाबेस’ याच युक्तीवर उभा आहे. १९७० साली आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी ती कल्पना मांडली. यातले ‘रिलेशन’ म्हणजे संचांच्या गणितातला संबंध, सोयरीक नव्हे!

आता अडचण पाहा. समजा, गट ४५ तीन भावांचा आहे आणि थोरल्याचा आणखी तीन गटांतही हिस्सा आहे. तिन्ही नावे एकाच चौकटीत कोंबली, तर धाकट्याची शेते शोधताना संगणकाला प्रत्येक चौकट उकलत बसावे लागेल. नावांसाठी तीन रकाने आखले, तर चौथा वारस लागताच पंचाईत. कॉड यांची अट अशी, की एका चौकटीत एकच गोष्ट असावी.

मग तीन कोष्टके करू. पहिल्यात गट क्रमांक व क्षेत्र. दुसऱ्यात व्यक्ती क्रमांक व नाव. (हा क्रमांक आपण दिलेला, तलाठ्याचा खाते क्रमांक नव्हे, कारण सामायिक खात्यावर अनेक नावे असतात.) तिसऱ्यात नाव नाही, क्षेत्र नाही, फक्त गट, व्यक्ती आणि हिस्सा. ‘४५, १, एक तृतीयांश’ ही झाली एक ओळ. गट ४५ च्या अशा तीन ओळी होतील. वारस वाढला तर रकाना नको, ओळ वाढवा आणि हिस्से बदला.

याचा फायदा कागदापुरता नाही. थोरल्याचे नाव चार ठिकाणी हाताने लिहिले आणि तीनदा ‘रामराव’, एकदा ‘रामभाऊ’ झाले, तर हा माणूस एकच की दोन? ऐन पेरणीच्या तोंडावर पीककर्ज एवढ्यावरून अडू शकते. आपल्या रचनेत नाव एकदाच लिहिलेले असते. चूक तिथेही होईल, पण ती एकाच जागी दुरुस्त केली, की चारही उताऱ्यांवर दुरुस्त दिसेल.

शिक्षकांनी वर्गात ही कोष्टके पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर करून घ्यावीत आणि विचारावे, ‘व्यक्ती २ चे एकूण क्षेत्र किती?’ उत्तरासाठी दोनच कोष्टके लागतात. कोणती, ते मुलांनाच शोधू द्या.